सोंग वठवायचं कसं: फँटसी खेळातलं वेषांतर आणि गावची नजर

टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या रोलप्लेइंग खेळात वेषांतर फसतं ते फासा वाईट पडतो म्हणून कमी, आणि नको तितक्या वेळा टाकला जातो म्हणून जास्त. डिसेप्शन (फसवण्याचं कौशल्य) +५ असलेल्या पात्राला डीसी, म्हणजे जमण्यासाठी लागणारा आकडा, १३ गाठायचा असेल तर वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा वर हवेत, म्हणजे ६५ टक्के. वाड्याच्या फाटकावर एकदा, अंगणात एकदा, ओसरीत एकदा असं तीनदा टाकायला लावलं की तिन्ही वेळा निभावण्याची शक्यता २७ टक्के उरते. पाचदा टाकायला लावलं तर जेमतेम १२. आणि पारावर बसलेल्या वीस जणांनी प्रत्येकी परसेप्शन (हेरण्याचं कौशल्य) टाकलं तर त्यातल्या किमान एकाला २० पडण्याची शक्यता ६४ टक्के! खेळाडूंनी हे गणित मांडलं नसलं तरी ते त्यांच्या अंगाशी येतंच. दोन सेशन असे गेले की ते सरळ दार फोडून आत जायला लागतात आणि डिसगाइज किट (वेष करायचं सामान) पिशवीत पडून राहतं.

खालचे आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या नियमांचे आहेत. त्याच खेळाच्या जुन्या ३.५ आवृत्तीतलं आणि पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळातलं घेण्यासारखं तेवढं घेतलं आहे. उदाहरणाला गाव झाडीपट्टीतलं धरू: वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा मुलूख, मालगुजाराचा (गावच्या जमीनदाराचा) वाडा, वाड्यामागं तलाव, आणि वाड्याच्या कोठीत अशी एक पोथी की ती वाचली की मेलेली माणसं उठून रोवणीला येतात. बिनपगारी मजूर मिळतात म्हटल्यावर मालगुजार ती पोथी सुखासुखी देणार नाही, तेव्हा आत शिरावं लागणार.

नियम काय सांगतात

२००३ च्या ३.५ आवृत्तीत डिसगाइज हे वेगळं कौशल्य होतं. पात्राच्या करिष्मा या गुणावर चालायचं आणि समोरच्याच्या स्पॉट, म्हणजे हेरण्याच्या कौशल्याशी भिडायचं. वेष चढवायला एक ते तीन गुणिले दहा मिनिटं लागायची. फासा डीएम (खेळ चालवणारा) लपवून टाकायचा, त्यामुळं आपलं सोंग कितपत जमलंय ते खेळाडूला कळत नसे. किरकोळ फेरफार असला तर +५. लिंग बदललं तर −२, वंश बदलला तर −२, वयाच्या दर टप्प्याला −२. ठरावीक माणसाचं रूप घेतलं तर त्या माणसाला ओळखणाऱ्याला फायदा: तोंडओळख असली तर +४, ऊठबस असली तर +६, जवळचा मित्र +८, आणि अगदी घरचं माणूस +१०. यातली सगळ्यात कामाची ओळ मात्र लोक विसरतात. स्वतःकडं लक्ष वेधून घेतलं नाही तर समोरच्याला स्पॉट टाकायलाच मिळत नाही.

पाचव्या आवृत्तीनं हे कौशल्य काढून टाकलं. उरलं डिसगाइज किट, २५ सोन्याच्या नाण्यांचं, आणि डिसेप्शन. नगररक्षकाचा वेष जुळवणं हे नियमपुस्तकात इंटेलिजन्स (बुद्धी) या गुणाच्या उदाहरणांत येतं, तर वेषात वावरून लोकांना फसवणं डिसेप्शनखाली. पुष्कळ डीएमना हा घोळ वाटतो. तो घोळ नाही, सोय आहे: सोंग रचणं हे एक काम आणि निभावणं हे दुसरं. २०१७ च्या पुरवणी नियमांनी वेळही दिली, मध्यम बदलाला १० मिनिटं, मोठ्याला ३०. व्रण झाकायला डीसी १० आणि दुसऱ्या माणसाची हुबेहूब नक्कल करायला २०.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीतून (२०१९) एकच गोष्ट उचलायची. तिथं नुसत्या बघणाऱ्याला मुद्दाम शोध घेतल्याशिवाय काही कळत नाही. तुम्ही बोलायला गेलात की मगच डीएम लपवून फासा टाकतो. म्हणजे धोका बघण्यात नाही, बोलण्यात आहे. गावात कोणी चार दिवस काढले असतील तर हे वेगळं सांगायला नको.

एक आकडा, एकदाच

वेष चढवताना एक फासा: इंटेलिजन्स, आणि किटची प्रोफिशियन्सी (सरावाचा बोनस) असेल तर ती धरून. डीएमनं तो पडद्याआड टाकावा आणि बेरीज कागदावर लिहून ठेवावी. हा झाला सोंगाचा आकडा. तो दिवस मावळेपर्यंत किंवा वेष बिघडेपर्यंत टिकतो. खेळाडूला तो सांगायचा नाही, पण सोबत्यानं नीट निरखून पाहिलं आणि परसेप्शनला १० गाठले तर ढोबळ काय ते सांगावं: “मिशी डावीकडं उचललीये.” मग दहा मिनिटं खर्चून एकदा दुरुस्तीचा फासा.

यापुढं गावानं फासे टाकायचे नाहीत. आकड्याशी फक्त पॅसिव्ह परसेप्शन, म्हणजे फासा न टाकता धरायचा ठरलेला आकडा, ताडायचं. साध्या गावकऱ्याचं १०, शिपायाचं १२, मास्टिफ कुत्र्याचं १३. आकडा जास्त असला की बघणाऱ्याला काही वावगं दिसत नाही, विषय संपला.

अंतरानं आकडा बदलतो. तीस फुटांपलीकडून +५, हात लागेल इतक्या जवळून −५. कंदिलाच्या मंद उजेडात पाहणाऱ्याला डिसअॅडव्हान्टेज (अडचण) असतो, म्हणून त्याचं पॅसिव्ह ५ नं उतरतं. हे पुस्तकातलंच आहे. ओळखीचे ३.५ मधले बोनस पाचव्या आवृत्तीत जसेच्या तसे घेऊ नयेत, कारण इथं सगळेच आकडे आखडते आहेत. निम्मे करा: +२, +३, +४, +५. आई किंवा बायको समोर असेल आणि दिवसाउजेडी दोन वाक्यं बोलायची असतील तर फासा कशाला हवा, सोंग उघडं पडलं. पात्रानं ताप आलाय म्हणून घोंगडी ओढून अंधाऱ्या खोलीत कण्हत पडायची युक्ती काढली, तर मात्र फाशाला जागा आहे.

आख्खी टोळी वेषात असेल तर ग्रुप चेक (सगळ्यांचा मिळून निकाल) घ्या. चौघांपैकी प्रत्येकाला ६५ टक्के शक्यता असताना चारही जमलेच पाहिजेत म्हटलं तर १८ टक्के. निम्म्यांना जमलं तरी चालेल या नियमानं ८७. लोखंडी चिलखत सवयीचं असलेला फायटर (लढवय्या) बाकीच्यांच्या आडोशानं निभावून जातो, आणि तसंच व्हायला हवं.

कोणाचं सोंग

नवखे खेळाडू नेहमी शिपायाचं किंवा सरदाराचं सोंग मागतात. दोन्ही वाईट. शिपाई एकमेकांना नावानं ओळखतात आणि सरदाराला खर्च लागतो: उंची कपडे १५ नाणी, शिक्क्याची अंगठी ५, त्यावर घोडा, नोकर, आणि बाजारात घासाघीस न करता पैसे टाकण्याची ऐपत. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

ज्याच्या येण्याचं गावाला नवल वाटत नाही तो वेष चांगला. दिवाळीनंतर धान घरात आलं की या भागात गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक किंवा दंडार (इथलं लोकनाट्य) चालते, पाहुण्यांनी घरं भरलेली असतात. त्या रात्री अनोळखी तोंड म्हणजे कोणाचा तरी जावई. सोंगाच्या आकड्याला +२ द्या आणि शिपायांचं लक्ष मंचाकडं ठेवा. वऱ्हाडाकडं गाव वसवलं असेल तर कापूस वेचणीला आलेली मजुरांची टोळी, उन्हाळ्यात जंगलपट्टीत तेंदूपत्त्याचं काम. एरवी बांगडीवाली, कल्हईवाला, नंदीवाला.

गंमत पुढं आहे. गावात सहज शिरू देणारा प्रत्येक वेष कामही करून दाखवायला लावतो. वासुदेवाचं सोंग घेतलं तर मोरपिसांची टोपी पुरत नाही, पहाटे यावं लागतं आणि गावं लागतं. तिन्हीसांजेला आलेला वासुदेव पोरंसुद्धा पकडतील. कापूस वेचणाऱ्याच्या बोटांना सुकलेल्या बोंडांच्या टोकांचे ओरखडे असतात, आणि तो दोन्ही हातांनी वेचतो. नवख्याच्या झोळीत कापसाबरोबर पाल्याचा चुरा येतो, संध्याकाळी वजनाला लागताना तो सगळ्यांसमोर दिसतो.

बांगडीवाली घ्या, कारण ती वाड्याच्या आतल्या अंगणापर्यंत जाते, जिथं शिपाईही जात नाही. टोपलं उतरवलं की बायका हात पुढं करतात. हात सैल सोडायला लावायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा, बोटांची मुळं आपल्या मुठीत आवळायची, आणि काचेची बांगडी सरळ न ढकलता तिरकी धरून अंगठ्याच्या हाडावरून एका कडेनं आधी उतरवायची. जोर लावला की फुटते आणि काच मनगटात घुसते. इथं स्लाइट ऑफ हँड (हातचलाखी), डीसी १२, एका घराला एकच फासा. चुकला तर बांगडी गेली. पाच किंवा जास्तनं चुकला तर रक्त. भरताना फुटलेल्या बांगडीचे पैसे मागायचे नसतात. खेळाडूनं मागितले तर फासा न टाकता संशय एक पायरी वाढवा (पायऱ्या शेवटी दिल्या आहेत). आणि फुटली तरी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. इतकं खेळाडूला स्वतःहून सुचलं तर त्याला इन्स्पिरेशन (खेळातलं बक्षीस) देऊन टाका.

आकड्यांत बघू. पारू ही बार्ड (गाणारं-बजावणारं पात्र) कासारीण झाली, वेष रचताना फाशावर १३, इंटेलिजन्स +१, प्रोफिशियन्सी +२, आकडा १६. फाटकावरच्या शिपायाचं पॅसिव्ह १२, त्यानं मान वर करून पाहिलं आणि जाऊ दिलं. अंगणात हातात हात आला, म्हणून आकडा ५ नं उतरून ११. मालगुजाराच्या सुनांचं पॅसिव्ह १०, त्यांना काही नाही. सासूचं विस्डम (शहाणपणाचा गुण) १४, पॅसिव्ह १२. तिला दिसलं की कासारीण म्हणवते आणि हाताला एकही कापल्याची खूण नाही. सोंग लगेच फुटत नाही. म्हातारी प्रश्न विचारते, इतकंच.

एक गोष्ट टेबलावर आधीच बोलून घ्यावी. नंदीवाले, बहुरूपी, गोंधळी ही खरी माणसं आहेत. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्टनं अनेक भटक्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायद्यातून १९५२ मध्ये गेला, गावच्या नजरेतून अजून पुरता गेलेला नाही. खेळातला दर बहुरूपी चोर किंवा हेर निघत असेल तर डीएमनं आपलं जग जरा तपासावं. खरा बहुरूपी टोळीचा मित्र, वेष उसना देणारा, बोलणं शिकवणारा असू शकतो, आणि कथेला तो जास्त उपयोगी पडतो.

लिंग बदलल्याचे सरसकट −२ मला पटत नाहीत. दंडारीत आणि खडी गंमत या दुसऱ्या लोकनाट्यात स्त्रीपात्रं पुरुषांनीच करायची परंपरा आहे, आणि त्यातले मुरलेले कलावंत लुगड्यात असे चालतात की बघणारा विसरतो. वजाबाकी सवयीच्या अभावाची करा. परफॉर्मन्सची (कला सादर करण्याची) प्रोफिशियन्सी असेल तर काहीच वजा करू नका.

अंगावर काय टिकतं

नाटकाची रंगभूषा मंचावरच्या दिव्यांसाठी आणि दूरच्या प्रेक्षकासाठी असते. कपाळावरच्या तपकिरी रेघा लांबून सुरकुत्या दिसतात, जवळून रेघाच दिसतात. अंतराचे +५ आणि −५ त्यातूनच आले आहेत.

खोटी दाढी लावायची तर क्रेपचे केस थराथरानं चिकटवतात, हनुवटीखालून सुरुवात करून वर जात, म्हणजे वरचा थर खालच्याची मुळं झाकतो. गोंद लावल्या लावल्या केस ठेवायचे नाहीत, तो बोटाला चिकट लागेपर्यंत थांबायचं. घाई केली तर केस घसरतात. दाढी सुटायला लागते ती ओठांच्या कोपऱ्यांपासून, कारण तोंड हलतं. जेवण म्हणजे तिचा काळ. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा घामानं कोणताही रंग तासाभरात ओघळतो. म्हणून गोंद-रंगाच्या वेषाला उन्हातल्या दर तासाला आणि दर जेवणाला आकड्यातून २ वजा. केसांना राख किंवा पावडर लावून म्हातारं व्हायचं असेल तर ती खांद्यावर झडते आणि पागोट्याच्या आतल्या बाजूला लागते. कोणी पागोटं उचललं की दिसणारच.

याउलट कपडे, चाल आणि मळ टिकतात. सगळ्यात आधी पाय बघा. सालगड्याच्या टाचांना भेगा असतात आणि भेगांत सुकलेली काळी माती. अॅडव्हेंचररच्या पायात वर्षभर बूट असतात, त्याचे पाय मऊ आणि गोरे. चेहऱ्याला हात न लावता फक्त कपडे, चाल आणि पाय बदलणाऱ्या पात्राला ३.५ मधला किरकोळ फेरफाराचा +५ इथंही द्यावा. अनोळखी गावात “मी कोणीतरी मजूर” एवढंच सोंग असेल तर याहून जास्त लागत नाही.

कुत्र्यांपुढं हे काही चालत नाही. मास्टिफला वासाच्या आणि ऐकण्याच्या परसेप्शनला अॅडव्हान्टेज (फायदा) असतो. पण गावची कुत्री परक्या माणसावर भुंकतातच, तेव्हा भुंकणं हा पुरावा नाही. ओळखीच्या माणसाचं रूप घेतलं आणि त्याच्याच घरचं कुत्रं भुंकलं, तर पुरावा.

प्रश्न

पारावर पहिला प्रश्न “तुमी कोन?” असा येत नाही. “कोनाकडं आले जी?” असा येतो. उत्तर दिलं की दुसरा त्या घरातल्या नात्याचा: त्यांची मोठी पोरगी कुठं दिली, म्हातारा बरा आहे का. तिसरा उलटतपासणीचा, साळसूदपणे विचारलेला, ज्यात मुद्दाम चुकीचं नाव घातलेलं असतं. यासाठी तीन गोष्टी पाठ हव्यात: एका घराचं नाव, त्या घरातलं एक नातं, आणि गेल्या वर्षातलं एक लग्न किंवा मयत. मूळ नियमांत असॅसिन रोग (Rogue, मारेकरी बनलेलं चोर-पात्र) असलेल्याला नवव्या पातळीला सात दिवस आणि २५ नाणी खर्चून पक्की खोटी ओळख उभी करता येते. तेच बाकीच्यांना कच्च्या स्वरूपात द्या: बाजाराच्या दिवशी अर्धा दिवस गप्पा मारल्या तर तीनपैकी एक गोष्ट कळते. गोष्ट कळलेली असेल तर त्या प्रश्नाला फासा नाही. नसेल तर डिसेप्शन विरुद्ध समोरच्याचं पॅसिव्ह इनसाइट (मनातलं ओळखण्याचं कौशल्य).

बोलीचंही तसंच. कॉमन (खेळातली सगळ्यांची भाषा) येतं म्हणजे त्या मुलखाचं कॉमन येतं असं नाही. अकोल्याकडचा म्हणवणारा माणूस पुण्याच्या वळणानं बोलला तर पोरंही वळून बघतील. अॅक्टर फीट (नकलेची खास क्षमता) असेल तर एक मिनिट ऐकून आवाज उचलता येतो, पण आवाजच, मजकूर नाही. मुकं असल्याचं सोंग खेळाडूंना लई सोपं वाटतं. एकदा चालतं. पण मुका पाहुणा गावात कुतूहलाचा विषय होतो आणि मागं पोरांचं लटांबर लागतं, म्हणजे लक्ष न वेधण्याचा फायदा गेला.

जादूनं वेष

डिसगाइज सेल्फ ही जादू पहिल्या पातळीची, तासभर टिकणारी. उंची फूटभर कमी-जास्त होते, हातापायांची रचना बदलत नाही. म्हणजे तीन फुटी हाफलिंग (खेळातला बुटका वंश) चार फुटांचा होईल, मोठा माणूस होणार नाही; त्याला पोर करा. टीफलिंगची (शिंगं असलेल्या वंशाची) शिंगं दिसेनाशी होतात, पण असतात. नुसतं बघून ओळखायला समोरच्याला अॅक्शन (आपली एक कृती) खर्चून इन्व्हेस्टिगेशन (तपासाचं कौशल्य) टाकावं लागतं, तेही संशय आला तर. साधा गावकरी ते कधीच करणार नाही.

तो काय करेल? पाहुणा आला म्हणून पायावर पाणी घालायला तांब्या आणेल. घरातलं पोर पाया पडेल. पोराच्या डोळ्यांना दिसतायत अनवाणी पाय आणि बोटांना लागतंय बुटाचं चामडं. जादू स्पर्शाला टिकत नाही, इथं कोणताही फासा तिला वाचवत नाही. शहाणा विझार्ड बूट बाहेरच काढून येतो आणि जादूनं फक्त चेहरा बदलतो. शिवाय तासाभरानं पुन्हा मंत्र म्हणावा लागतो, हातवारे करत, मोठ्यानं. परसाकडं जातो म्हणून उठायची सोय आधीच लावून ठेवा, तीही एका बैठकीत दोनदाच खपते.

संशयाच्या पायऱ्या

सोंग एका झटक्यात फोडू नका. तीन पायऱ्या ठेवा आणि प्रत्येक पायरी खेळाडूला दिसेल अशी करा. पहिलीला माणूस पुन्हा बघतो, प्रश्न विचारतो. दुसरीला पोराला पाठवून कोणाला तरी बोलावून घेतो: कोतवाल, किंवा त्या घरचा खरा नातेवाईक. पोर धावत जाताना खेळाडूंना दिसलं पाहिजे, कारण इथंच त्यांना ठरवायचं आहे, थांबायचं की सटकायचं. तिसरीला हात धरला जातो. पायरी उतरवताही येते. चांगलं उत्तर, लाजून कबूल केलेली एखादी छोटी लबाडी (“नवऱ्याशी भांडून आले, म्हणून खोटं नाव सांगितलं”) यावर एक पर्स्युएजन (मन वळवण्याचं कौशल्य), डीसी १५, जमलं तर एक पायरी खाली.

तिसऱ्या पायरीवर लगेच इनिशिएटिव्ह (लढाई सुरू करायचा फासा) टाकू नका. गाव आधी चावडीवर नेतं, विचारतं, आरडाओरडा करतं. तलवार निघायला अजून वेळ असतो. त्या वेळात बाकीची टोळी कोठीपर्यंत पोचू शकते, आणि पुष्कळदा कासारीण पकडली जाणं हाच पोथी मिळवायचा उत्तम मार्ग ठरतो.

एकदा सोंग फुटलं की त्या गावात महिनाभर सगळ्यांच्या पॅसिव्हला +५ धरा. ज्यांनी खरा चेहरा पाहिला त्यांची नावं डीएमनं सेशन संपताच वहीत लिहून ठेवावीत, गाव आणि नात्यासकट. शेजारच्या गावी दिलेली मालगुजाराची मुलगी त्या यादीत असेल, तर तिच्या सासरीही जुना वेष चालणार नाही.